टाके घातलेली बरणी

आमच्या मेहुण्यांनी इटलीहून येताना अत्तर आणले नाही, चॉकलेट आणले नाही. आणली एक जुनी मातीची बरणी. पोट सुटलेले, दोन कान, वरच्या निम्म्या अंगाला मधाच्या रंगाची झिलई, खाली उघडी माती आणि काठापासून पोटापर्यंत गेलेल्या तड्यावर लोखंडी तारेचे पाच टाके!

"दादाला तिकडे धड बरणी मिळाली नाही वाटतं!" सौ. म्हणाल्या.

पण ही बरणी घराण्याची आहे बरे का! दक्षिण इटलीत पुलिया प्रांतात तारांतोजवळ ग्रोत्ताल्ये गाव आहे. तिथे कुंभारांची सबंध आळी आहे, आणि तिथले कित्येक कारखाने घळीच्या खडकात कोरलेले आहेत. या आळीचे नामांकित भांडे म्हणजे 'कापासोने', द्राक्षांची दारू साठवायचा रांजणच म्हणा ना. हे धूड चाकावर एका दमात उठत नाही. भाग वेगवेगळे घडवून मग जोडतात. आमची बरणी म्हणजे त्याची धाकटी बहीण 'कापासा'. तेल, सुकी अंजिरे असले जिन्नस तिच्यात राहायचे. पाण्याला मात्र बिनझिलईची सुरई. ती पाझरते म्हणून पाणी गार राहते. आपल्या माठाला हे शिकवायला नको.

भांडे फुटले तरी टाकायचे नाही. फिरता कारागीर यायचा, सामत्याने भोके पाडून तारेने शिवून द्यायचा. सिसिलीच्या पिरांदेल्लोची १९०९ सालची एक गोष्टच आहे. तेलाचा प्रचंड रांजण आत बसून सांधता सांधता कारागीर आतच अडकतो आणि मालक म्हणतो, बाहेर यायचे तर रांजणाचे पैसे मोज!

या साऱ्या पसाऱ्याला ग्रहण लागले ते घरच्याच माणसाकडून. मिलानच्या जूलिओ नात्ता यांनी १९५४ साली पॉलिप्रोपिलीन तयार केले, १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि 'मोप्लेन'च्या बादल्या इटलीच्या घराघरांत शिरल्या. बादलीला टाके कोण घालतो?

असो. मी हे पुराण सांगत असताना सौ.नी बरणी घासूनपुसून तिच्यात पन्नास लिंबांचे लोणचे घातलेसुद्धा! तिसऱ्या दिवशी आमची नात बोट बुडवणार, तेवढ्यात मला आठवले. जुन्या गावठी भांड्यांवरची ही चकाकी बहुधा शिशाची असते. लिंबू, चिंच, व्हिनेगर ते शिसे ओढून घेतात. चवीला कळत नाही, वासाला कळत नाही. आणि मुलांच्या मेंदूला ते फार वाईट. तिकडच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यात दारू भरली हे खरे, पण म्हणून शिसे काही सोवळे होत नाही.

लोणचे गेले. बरणीत आता छत्र्या आहेत. पन्नास लिंबांचे पैसे मेहुण्यांकडे मागावेत असे माझे मत आहे; सौ. म्हणतात, "मागायचे तर तुम्हीच मागा."