शेजारी जगाकडे कसं पाहतो?

भिलाईहून नागपूरकडे निघालात की दुर्ग मागे पडतं, मग राजनांदगाव आणि पुढे डोंगरगड. डोंगरगडला खिडकीतून बाहेर बघा. एका डोंगरावर बम्लेश्वरी देवीचं मंदिर आहे, जवळच्या टेकडीवर प्रज्ञागिरीची मोठी बुद्धमूर्ती आहे. त्याच गावात चंद्रगिरी हे जैन तीर्थ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आचार्य विद्यासागर महाराजांनी तिथेच देह ठेवला. एकाच स्टेशनवर उतरणारे प्रवासी तीन वेगळ्या वाटांनी वर जातात. जगाबद्दलचे त्यांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात, उत्तरं मात्र वेगळी असतात.

आपल्या भिलाईत तर हे रोजचंच आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिली झोतभट्टी सुरू झाली. कामासाठी देशभरातून माणसं आली. मराठी, तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, ओडिया कुटुंबं छत्तीसगढी माणसांच्या शेजारी राहू लागली. देव न मानणारे रशियन इंजिनीअरही काही वर्षं याच सेक्टरांमध्ये राहिले. म्हणूनच भिलाईला ‘मिनी इंडिया’ म्हणतात.

वाचकहो, या महिन्याचा प्रश्न असा: इतकी वर्षं शेजारी राहून, एकमेकांच्या घरचा फराळ खाऊन, शेजाऱ्याला जग कसं दिसतं हे आपल्याला खरंच ठाऊक आहे का?

चार प्रश्न

प्रत्येक माणूस एक चष्मा लावून जगाकडे पाहतो. चष्मा डोळ्यांवर असला की तो दिसत नाही, त्यातून बाकी सगळं दिसतं. तो ओळखायचा असेल तर चार साधे प्रश्न पुरतात. आपण आलो कुठून? जगात बिघडलंय ते नेमकं काय? ते दुरुस्त कसं होईल? आणि शेवटी आपण कुठे जाणार?

समजा, तुमच्या गल्लीत एका तरुण मुलाचा अपघाती मृत्यू झाला. सांत्वनाला येणाऱ्यांचं बोलणं नीट ऐका. एखादी आजी म्हणेल, त्याचं तेवढंच देणंघेणं होतं. त्यामागे कर्म आणि पुनर्जन्माचा विचार आहे: आत्मा मरत नाही, त्याचा प्रवास चालू राहतो. मुस्लिम शेजारी म्हणतील, आपण अल्लाहचे आणि त्याच्याकडेच परत जाणार. नागपूरला १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांबरोबर ज्यांच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली ते शेजारी अनित्यतेबद्दल बोलतील, आणि कदाचित त्या मुलाला वेळेवर उपचार का मिळाले नाहीत हेही विचारतील. सतनामी शेजाऱ्याला गुरू घासीदासांचा सतनाम आठवेल. त्यांच्या शिकवणीत देव निराकार आहे आणि सगळी माणसं समान. देव न मानणारा मित्र काहीच न बोलता रुग्णालयाची कागदपत्रं उरकून देईल. त्याच्या मते मेलेल्यासाठी करण्यासारखं काही उरलेलं नसतं, जे करायचं ते जिवंतांसाठी.

ख्रिस्ती माणूस काय सांगतो? देवानं जग चांगलं घडवलं. माणूस त्याच्यापासून दूर गेला म्हणून मृत्यू जगात शिरला. म्हणजे मृत्यू शत्रू आहे, त्याला चांगलं म्हणायची गरज नाही. लाजराच्या कबरेपाशी प्रभू येशू स्वतः रडला. आणि तो मेलेल्यांतून उठला म्हणून आम्हाला आशा आहे.

ही उत्तरं एकसारखी नाहीत. ‘सगळे शेवटी एकच सांगतात’ असं म्हणणं ऐकायला गोड वाटतं, पण त्यात कुणाचंच नीट ऐकलेलं नसतं. पुनर्जन्म आणि पुनरुत्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या शेजाऱ्यालाही तो फरक कळतो.

समजून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे

अनेक ख्रिस्ती पालकांना इथे भीती वाटते. मुलं दुसऱ्यांचे विचार समजून घ्यायला लागली तर श्रद्धा डळमळेल, असं त्यांना वाटतं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ उघडून पाहा. पौल अथेन्सला पोहोचला. शहर मूर्तींनी भरलेलं पाहून तो अस्वस्थ झाला. तरी तो आधी शहरभर फिरला, त्यांची पूजास्थानं निरखून पाहिली, बाजारात लोकांशी बोलला. नंतर अरीयपगात उभा राहिला तेव्हा त्यानं त्यांच्याच एका वेदीपासून सुरुवात केली, त्यांच्याच कवींचा आधार घेतला. पुनरुत्थानाची गोष्ट मात्र त्यानं गाळली नाही. काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, काहींनी विश्वास ठेवला. पौलाची श्रद्धा तिळभर कमी झाली नाही आणि ऐकणाऱ्यांचा अपमानही झाला नाही.

आणखी एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, अशी आज्ञा आहे. शेजाऱ्याचा विश्वास वाकडातिकडा करून सांगणं, त्याची टिंगल करणं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं काहीही पुढे ढकलणं, हीसुद्धा खोटी साक्षच. कसोटी सोपी आहे. त्याचा विश्वास तुम्ही त्याच्याच समोर मांडलात तर ‘हो, आम्ही असंच मानतो’ असं तो म्हणेल का? नाही म्हणाला, तर तुम्हाला अजून ऐकायचं आहे.

राजनांदगावच्या गाडीतली भेट

याचं एक मोठं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एक मराठी कवी बसले होते: नारायण वामन टिळक. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे जाणकार. जातिभेदाला कंटाळलेले आणि देव सर्वांचा पिता आहे अशा स्वतःच्या विचारापर्यंत आलेले. डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. त्यानं टिळकांचं ऐकून घेतलं, नव्या कराराची प्रत हातात दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी ते पुस्तक वाचलं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही गोष्ट मंडळीत अनेकदा सांगितली जाते, पण बहुतेक वेळा इथेच थांबते. तिचा दुसरा भाग लक्ष्मीबाईंचा आहे.

टिळकांचा चष्मा बदलला, लक्ष्मीबाईंचा नाही. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी त्यांच्यावर वीज कोसळावी तशी कोसळली. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. सोवळं-ओवळं सांभाळत, आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळं ठेवून राहू लागल्या. एका छपराखाली दोन जगं होती. जातीचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी घोळवला. हे भेद देवानं केले की माणसानं, हे स्वतःला विचारलं आणि स्वतःच उत्तर शोधलं. बाप्तिस्मा त्यांनी नंतर घेतला, तो स्वतःच्या निर्णयानं. ही सगळी हकीगत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. नवऱ्यावरचा राग, थट्टा आणि प्रेम, काहीही न लपवता.

विचार बदलण्याची किंमत घरातली माणसं मोजतात, हे त्या पुस्तकातून कळतं. म्हणून घाई नको. दुसऱ्याला त्याच्या गतीनं विचार करू द्यावा लागतो. टिळकांनी स्वतः तुकोबांची साथ शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांच्या ख्रिस्ती भक्तीला अभंगाचंच रूप मिळालं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी.

आपल्याच घरातला चष्मा

आता थोडं आपल्याकडे वळू. शेजाऱ्याचा चष्मा ओळखायला निघालेल्या माणसानं एकदा स्वतःचाही काढून बघावा.

भिलाईचं नाव इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षांसाठी देशभर घेतलं जातं. सुपेल्यापासून सिव्हिक सेंटरपर्यंत कोचिंगच्या पाट्या आहेत. रविवारी आपण उपासनेला जातो आणि माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला आहे असं मुलांना सांगतो. सोमवारी मात्र त्याच मुलाला रँक विचारतो आणि त्यावरून त्याची किंमत ठरवतो. मार्क, पॅकेज, फ्लॅट हाही एक चष्माच आहे. त्याला मंदिर नाही, मशीद नाही, चर्च नाही, म्हणून तो ओळखू येत नाही. चार प्रश्न त्यालाही विचारून बघा. बिघडलंय काय? मार्क कमी पडले. दुरुस्ती कशानं? आणखी एक क्लास. आणि ज्याचं नाव यादीत आलंच नाही, त्याच्यासाठी या चष्म्याकडे काय आहे? काहीच नाही.

आपल्या विश्वासाकडे त्या मुलासाठी सांगण्यासारखं आहे. ते त्याला निकालाच्या दिवशी ऐकू आलं पाहिजे.

या आठवड्यात एवढं करा

जेवताना टीव्ही आणि फोन बाजूला ठेवून ते चार प्रश्न घरात विचारा. आजोबांना विचारा, दहावीतल्या मुलीलाही विचारा. उत्तर चुकलं म्हणून कुणाला मध्येच तोडू नका. एकाच घरात दोन-तीन चष्मे निघतील, दचकू नका.

मग एका शेजाऱ्याला, ज्याच्या सणाला तुम्ही वर्षानुवर्षं जाता, एवढंच विचारा: ‘या सणाचा तुमच्यासाठी अर्थ काय?’ आणि ऐका. आपलं सांगण्याची घाई करू नका. त्यानं उलट विचारलं, तर तुमच्या आशेचं कारण सांगायला तयार असा. पेत्र आपल्या पत्रात हेच शिकवतो, आणि हे सौम्यतेनं, आदरानं करायचं असंही बजावतो. कदाचित तो या वेळी विचारणारही नाही. पुढच्या सणाला पुन्हा जा.