गावाचे ताट, शहराचे ताट : आजार दोन, उणीव एकच

आपल्यापैकी अनेकांचे घर दोन ठिकाणी आहे. आई-वडील गावी, मुलगा-सून मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या वस्तीत. गावच्या आईला रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या आणि शहरातल्या मुलाला पस्तिशीतच शुगरची गोळी. एकाच कुटुंबातले हे दोन आजार आपण वय किंवा नशीब म्हणून सोडून देतो. आकडे मात्र वेगळे सांगतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशाच्या ग्रामीण भागातील २१.२ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी आहे. शहरात हे प्रमाण १३.२ टक्के. उलट, वजन जास्त असलेल्या स्त्रिया शहरात ३३.२ टक्के, तर गावात १९.७ टक्के. म्हणजे गाव उपाशी आणि शहर खाऊनपिऊन सुखी? तसे नाही. रक्तक्षय गावातील ५८.५ टक्के स्त्रियांना आहे, तसा शहरातील ५३.८ टक्के स्त्रियांनाही आहे. वजन वाढले म्हणजे पोषण झाले असे नव्हे.

गावाचे ताट

अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. त्यामुळे चूल पेटते, हे मान्यच केले पाहिजे. पण रेशनवर मिळतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळीचा हक्क या कायद्यात नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी मागे पडली, भात वाढला आणि डाळ पातळ होत गेली. शेत नावावर नसलेल्या मजुराला भाजी, दूध, अंडी सारे विकतच घ्यावे लागते. आपल्या आजी-आजोबांच्या ताटात गरिबीतही चान्यांच्या रूपाने मांस होते. त्यामागे जातिव्यवस्थेने लादलेली लाचारी होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, गरिबाला परवडणारे मांस गेले आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

शहराचे ताट

शहरातला कामगार पहाटे निघतो, रात्री परततो. मधल्या वेळेत चहा-बिस्किट, वडापाव, जमले तर राइस प्लेट. पोट भरते ते मैदा, बटाटा, तेल आणि साखरेने. त्यात बैठे काम आणि अपुरी झोप. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण शहरी भागात १६.४ आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक गंभीर आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण शहर आणि गाव दोन्हीकडे जवळपास सारखे, १५ टक्क्यांच्या थोडे वर आहे. पाच रुपयांचे चिप्सचे पाकीट आणि थंड पेयाची बाटली आज वाडीवरच्या टपरीतही मिळते. प्रथिनांची उणीव भरून निघाली नाही आणि शहराचा आजार मात्र गावात पोहोचला. शिवाय शुगर, बीपी तपासायची सोय गावापासून लांब, म्हणून आजार कळतो तो उशिरा.

अंड्याचा प्रश्न

अशा वेळी राज्याने काय केले? नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि शाळांनी लोकसहभागातून सोय करावी असे सांगितले. ज्या गावात पालकच मजूर आहेत, तिथे लोकसहभाग कुठून येणार? मांसाहार करावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची तरतूद होतीच. पण खाणाऱ्या गरीब मुलाच्या ताटातले अंडे काढून घेणे हा सरळ अन्याय आहे.

आपण काय करू शकतो?

बौद्ध साहित्यात दोन प्रसंग आहेत. आळवी गावी हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी शेतकरी आला, तेव्हा बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मग धम्म सांगितला. आणि अति जेवून सुस्तावलेल्या प्रसेनजित राजाला त्यांनी भोजनातील मात्रा शिकवली. रोज जेवताना राजाला त्याची आठवण करून देण्याचे काम केले ते सुदर्शन नावाच्या तरुणाने.

आज ही दोन्ही कामे तरुणांची आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत जा, अंड्यासाठी आणि रेशनवर डाळ-ज्वारीसाठी ग्रामसभेत ठराव मांडा. जयंतीच्या खर्चातून विहारात वर्षातून दोनदा रक्त, शुगर आणि बीपीची तपासणी ठेवा. भोजनदानात बुंदीऐवजी उसळ आणि अंडी द्या. आणि या वेळी गावी जाताना आईसाठी फरसाणचे पाकीट नको, दोन किलो डाळ आणि शेंगदाणे न्या.