वर दिसला!

दिवसचे दिवस समुद्रांत काढल्यावर डोलकाठीवरील टेहळ्या आनंदानें ओरडतो, "जमीन दिसली!" स्पॅनिश भाषेंतील या आरोळींत जमिनीच्या जागीं 'वर' हा शब्द घातला, कीं १९५४ सालच्या एका विनोदी बोलपटाचें नांव होतें: 'नोव्हिओ आ ला व्हिस्ता'. दिग्दर्शक लुइस गार्सिया बेर्लांगा (१९२१–२०१०). उपवर कन्येच्या आईची सारी तळमळ या एका नांवांत आली आहे.

कथा १९१८ च्या उन्हाळ्यांतील. लिंदामार या कल्पित समुद्रकांठच्या गांवीं सुखवस्तु कुटुंबें हवापालटासाठीं आलीं आहेत. लोली अवघी पंधरा वर्षांची. एन्रीके या शाळकरी मुलावर तिचें मन आहे. पण त्याची अजून परीक्षाच पदरांत पडावयाची! लोलीच्या आईनें मात्र ठरविलें, कीं मुलगी आतां मोठी झाली. मग पोषाख बदलला, बाळपणचे खेळ सुटले, आणि फेदेरीको नांवाच्या वयस्क इंजिनियराच्या नजरेंत ती भरावी म्हणून खटपट सुरू झाली.

अखेर मुलें बंड करतात. लोलीसह तीं एका जुन्या किल्ल्यांत ठाण मांडतात, आणि वडील मंडळी त्यांच्यावर चाल करून जातात! युरोपांत खरें महायुद्ध पेटलेलें, स्पेन त्यापासून अलिप्त. आणि इकडे ही आईबाप विरुद्ध मुलें अशी लढाई. प्रेक्षक पोट धरून हंसतो. पण हंसतां हंसतां त्याच्या ध्यानीं येतें, कीं पोक्त माणसें खुशाल पोरांसारखीं वागत आहेत, आणि पोरीला मात्र एकाच उन्हाळ्यांत पोक्त व्हावें लागत आहे. तिची आई दुष्ट नाहीं. चांगलें स्थळ हातचें जाऊं नये, एवढीच तिला धास्ती. परंतु त्या धास्तीपायीं मुलीला विचारावयाचें राहूनच जातें.

स्पेनमध्यें हा विषय जुनाच. मोरातीनचें 'मुलींचा होकार' या अर्थाच्या नांवाचें नाटक १८०६ मध्यें माद्रिदच्या रंगभूमीवर आलें. त्यांत सोळा वर्षांच्या फ्रान्सिस्काला तिची आई एकोणसाठ वर्षांच्या दोन दिएगोस देऊं पाहते. मुलीचें मन त्याच्याच पुतण्यावर जडलें आहे, हें कळतांच तो सुज्ञ गृहस्थ बाजूला होतो. मुलींना मनांतलें बोलूं न देणाऱ्या शिक्षणावर तो जो ठपका ठेवतो, तो आम्हां शिक्षकांनीं तर विशेष मनावर घ्यावा.

मौन हें संमतीचें लक्षण, असें आपण म्हणत आलों. पण ज्या मुलीला बोलण्याची मुभाच नाहीं, तिच्या मौनाला संमति कसें म्हणावें? घरांत स्थळाची बोलणीं चाललीं असतील, तर वाचकहो, पत्रिकेआधीं मुलीशीं निवांतपणें बोला. आणि ती "नको" म्हणाली, तर तेंहि शांतपणें ऐकून घ्या.