विश्लेषण : मांजराच्या पिल्लाला मुलांची जंताची गोळी का चालत नाही?

पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, पत्र्याच्या शेडमागे मांजरीची पिल्लं सापडतात. कुणीतरी त्यातलं एक घरी आणतं, फोटो टाकतं, नाव काय ठेवू म्हणून विचारतं. दोन-तीन दिवसांनी पुढची पोस्ट येते : पोट फुगलंय, पाय काड्यांसारखे आहेत, शीमधून शेवयांसारखं काहीतरी पडलं, काय देऊ?

उत्तरं भरपूर मिळतात. वावडिंगाचं पाणी द्या, लसूण ठेचून द्या, चमचाभर एरंडेल पाजा. आणि हमखास येणारा सल्ला म्हणजे, घरात मुलांची जंताची गोळी असेल तर तिचा चतकोर तुकडा द्या. सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. पण या यादीतला सगळ्यात साधा वाटणारा शेवटचा सल्लाच सगळ्यात जास्त घातक ठरू शकतो.

चतकोर गोळीचा हिशेब

ही गोळी घराघरांत माहीत झाली ती राष्ट्रीय जंतनाशक दिनामुळे. २०१५ पासून शाळा आणि अंगणवाड्यांमधून १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडॅझोल दिलं जातं. मात्रा ४०० मिलिग्रॅम, पण १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम. बाळाचं वजन १० किलो धरलं तर किलोमागे २० मिलिग्रॅम झाले.

महिन्याभराच्या पिल्लाचं वजन साधारण अर्धा किलो असतं. त्याला चतकोर गोळी दिली की पोटात गेले १०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे २००. 'अगदी थोडंसंच दिलं' असं वाटत असताना बाळाच्या दसपट मात्रा दिलेली असते.

शिवाय औषधही मांजरासाठी योग्य नाही. अल्बेंडॅझोलमुळे कुत्र्या-मांजरांच्या अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी घटल्याच्या नोंदी पशुवैद्यकात आहेत. माणसाला चालणारी सगळी औषधं मांजराचं शरीर पचवू शकत नाही. तापावर आपण सहज घेतो ते पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. एरंडेलाने जुलाब होतात आणि आधीच सुकलेल्या पिल्लाच्या अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं. वावडिंग बाळांना देण्याची पद्धत जुनी आहे, पण अर्ध्या किलोच्या मांजराला किती द्यायचं याची ठरलेली मात्रा नाही.

एवढंसं पिल्लू, जंत आले कुठून?

बहुतेकदा आईच्या दुधातून. मांजरांमधले सगळ्यात नेहमीचे जंत म्हणजे गोल जंत, शास्त्रीय नाव टॉक्सोकारा कॅटी. मांजरीच्या शरीरात यांच्या अळ्या निपचित पडून असतात आणि पिल्लं झाल्यावर दुधातून त्यांच्या पोटात जातात. त्यामुळे पिल्लू कधी घराबाहेर पडलेलं नसलं तरी जंत असू शकतात. रस्त्यावरच्या पिल्लात ते असणार असं धरूनच डॉक्टर चालतात. शी तपासली आणि काही सापडलं नाही तरी निर्धास्त होता येत नाही, कारण जंत मोठे होऊन अंडी घालू लागायला काही आठवडे जातात. तपासणीत दिसतात ती अंडी.

पाळीव प्राण्यांमधल्या परजीवींवर काम करणाऱ्या 'एस्कॅप' या युरोपीय तज्ज्ञसंस्थेची शिफारस यावरच बेतलेली आहे. पहिला डोस तिसऱ्या आठवड्यात, मग दूध सुटल्यानंतर दोन आठवडे होईपर्यंत दर पंधरवड्याला, त्यानंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा. आई सोबत असेल तर तिलाही औषध द्यायचं.

एक डोस देऊन मोकळं होणं ही घरच्या उपचारातली दुसरी मोठी चूक. पिल्लांना सर्रास दिलं जाणारं पायरँटेल हे औषध आतड्यातल्या जंताला लुळं करतं आणि तो शीवाटे बाहेर पडतो. पण हे औषध आतड्यातून रक्तात फारसं शिरतच नाही. पिल्लासाठी ते सुरक्षित मानलं जातं याचं हे एक कारण, पण त्याची मर्यादाही तीच. शरीरात इतरत्र असलेल्या अळ्या वाचतात, आतड्यात येऊन मोठ्या होतात आणि 'औषध दिलं होतं, तरी परत जंत झाले' अशी तक्रार सुरू होते. दुसरा डोस या मागून येणाऱ्या जंतांसाठी असतो.

शेवया की तांदळाचे दाणे?

शीमध्ये किंवा उलटीत शेवयांसारखे लांब पांढरट जंत दिसले तर ते गोल जंत. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे, वाळल्यावर तिळासारखे तुकडे दिसले तर ते टेपवर्म, म्हणजे चपटे जंत. त्यांच्यावर पायरँटेल चालत नाही, प्राझिक्वांटेल लागतं. आणि मांजरातला नेहमीचा टेपवर्म पसरतो तो पिसवांमधून. अंग चाटताना पिसू गिळली की झालं. पिसवा तशाच राहिल्या तर औषध कितीही द्या, महिन्याभरात दाणे पुन्हा दिसतात.

मात्र पिसवांसाठी कुत्र्याचं औषध उचलून मांजराला लावणं जिवावर बेतू शकतं. कुत्र्यांच्या मानेवर सोडायच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं. मांजराला त्याने झटके येतात.

तिसरा प्रकार हूकवर्म. हे बारीक असतात, सहसा डोळ्यांना दिसत नाहीत, पण आतड्याला चिकटून रक्त पितात. हिरड्या फिकट आणि शी काळपट, डांबरासारखी दिसली तर हा संशय घ्यावा लागतो.

मग घरी काय करता येतं?

बरंच काही. डॉक्टरांनी औषध आणि मात्रा सांगितली की पुढचे डोस घरीच देता येतात, अनेक डॉक्टर तसंच सुचवतात. त्यासाठी घरातली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. काट्यावर डबा ठेवून आकडा शून्य करायचा, पिल्लू डब्यात ठेवायचं. या वयात वजन आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास वाढतं, त्यामुळे मागच्या डोसच्या वेळचं वजन पुढच्या डोसला कामाचं नाही.

ऑनलाइन सल्ल्यात 'इतके एमएल द्या' असं लिहिलेलं असतं, तिथेही थांबावं. पायरँटेलची पातळ औषधं वेगवेगळ्या तीव्रतेची असतात. अमेरिकेत प्राण्यांसाठीच्या एका नेहमीच्या औषधात एका एमएलमध्ये साधारण साडेचार मिलिग्रॅम पायरँटेल असतं, तर दुसऱ्यात ५०. तिथला व्हिडिओ पाहून इथल्या बाटलीतून तेवढंच औषध भरलं तर मात्रा दहा-अकरा पट चुकू शकते. मात्रा मिलिग्रॅममध्ये विचारायची आणि आपल्या बाटलीवरचा आकडा डॉक्टरांना दाखवायचा. मांजरांसाठीच्या काही गोळ्या सहा आठवड्यांखालच्या पिल्लांना चालत नाहीत, तेही पाकिटावर लिहिलेलं असतं.

औषध देण्याआधी पिल्लू उबदार आहे का आणि त्याने खाल्लं आहे का हे बघावं. पावसात भिजून गारठलेल्या पिल्लाला जंताचं औषध ही पहिली गरज नसते. आधी ऊब आणि मग मांजराच्या पिल्लांसाठीचं दूध. गाईचं दूध शक्यतो नको. त्याने जुलाब होतात आणि तेच जुलाब जंतांच्या खाती जमा होतात.

देताना पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त डोकं बाहेर ठेवतात आणि सुई नसलेली सिरिंज गालाच्या कडेने घालून थेंब थेंब सोडतात. मान मागे ताणून एकदम ओतलं तर औषध फुप्फुसात जाऊ शकतं. प्राझिक्वांटेल कडू असल्याने तोंडाला फेस येतो. तो थोड्या वेळात थांबला तर विषबाधा समजून घाबरायचं कारण नाही. एक-दोन दिवसांत शीमध्ये जंत, कधी वळवळणारेही, दिसतात. पोट हळूहळू उतरतं.

फुगलेलं पोट सोडून इतर लक्षणं दिसली तर मात्र घरचा प्रयोग थांबवावा लागतो. पिल्लू खात नाही, सारखी उलटी, रक्ताचे जुलाब, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, गार अंग यांपैकी काहीही असलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लस न दिलेल्या पिल्लांना होणारा पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य आजार उलट्या-जुलाबांनीच समोर येतो आणि काही दिवसांत जीव घेतो. 'जंतच असतील' म्हणत काढलेले दोन दिवस तिथे महागात पडतात. खासगी दवाखाना परवडत नसेल तर पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने आहेत आणि मुंबईत परळचं बैलघोडा रुग्णालय आहे.

घरातल्या मुलांना धोका किती?

आहे, पण पिल्लाला मांडीवर घेतल्याने लगेच काही होत नाही. शीमधून पडलेली गोल जंताची अंडी ताजी असताना संसर्ग करू शकत नाहीत, त्यांना त्यासाठी साधारण दोन ते चार आठवडे लागतात. धोका असतो तो जुन्या घाणीचा : कुंडीतली माती, वाळूचा ढीग, कित्येक आठवडे न बदललेला लिटरचा डबा. तिथे खेळून हात न धुता खाल्लं तर अळ्या माणसाच्या शरीरात फिरतात आणि क्वचित डोळ्यापर्यंत पोचून नजरेला इजा करतात. डबा रोज साफ केला आणि उकळत्या पाण्याने धुतला की बराचसा प्रश्न सुटतो. ही अंडी फिनेलला सहसा दाद देत नाहीत.

घरात गरोदर बाई असेल तर मांजर हाकलायचा आग्रह होतो. तो आजार वेगळा, टॉक्सोप्लाझ्मा. तो जंत नाही, एकपेशीय जीव आहे आणि जंताच्या औषधाने जात नाही. तिथेही रोजची सफाईच कामी येते, फक्त ती घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायची.

आणि औषध पाजताना पिल्लू चावलं किंवा त्याने ओरबाडलं तर हळद लावून विषय संपत नाही. मांजरालाही रेबीज होतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.