पाण्यावरच्या रेघा

बँकेत असताना कोकणातल्या एका शाखेवर होतो. वरच्या कचेरीने पैलतीरावरचं एक गाव आमच्या शाखेला जोडून टाकलं. नकाशावर अंतर बोटभर! मधली खाडी कुणाच्या ध्यानातच आली नाही. कर्जाचा कागद घेऊन येणारा शेतकरी तरीची वाट पाहत अर्धा दिवस घालवायचा.

मुलीकडे फिनलंडला गेलो तेव्हा तिथल्या एतेला-सावो प्रांताचा नकाशा पाहून हीच खाडी आठवली. या प्रांताचा जवळजवळ चौथा हिस्सा पाणी. देशातलं सर्वांत मोठं सरोवर साइमा इथे शेकडो फाटे फोडून पसरलंय. सावोन्लिन्ना हे शहर तर बेटांवरच वसलेलं. पूमालाच्या सामुद्रधुनीवर पूल झाला तो 1995 साली. तोवर तिथेही तरच होती.

अशा मुलखात कारभाराची रेघ ओढायची कुठे? 1831 साली मिक्केली प्रांत झाला. 1997 मध्ये तो शेजारच्या दोन प्रांतांसह पूर्व फिनलंडच्या मोठ्या प्रांतात विलीन झाला आणि 2009 अखेर ती जुनी प्रांतव्यवस्थाच गुंडाळली गेली. साहेबांना मोठे विभाग आवडतात, हे सगळीकडे सारखंच.

मला भावली ती 2021 ची गोष्ट. हेइनॅवेसी हे गाव (नावातल्या ‘वेसी’चा अर्थच पाणी) एतेला-सावो सोडून उत्तर कारेलियात गेलं, तर योरोइनेन उत्तर सावोत. हेइनॅवेसीच्या आरोग्यसेवा आधीच कारेलियाशी जोडलेल्या होत्या. योरोइनेनचा रोजचा राबता शेजारच्या वार्काउस शहराशी. माणसं जिकडे जातात तिकडे रेघ सरकली. याला मी शहाणा कारभार म्हणतो.

2023 पासून इस्पितळं आणि वृद्धांची देखभाल प्रांतपातळीवरच्या नव्या संस्थेकडे आली आहे. तिची परिषद लोक निवडून देतात, पण कर बसवायचा अधिकार तिला नाही. पैसा सरकारकडून येतो. म्हणजे सही खातेदाराची आणि तिजोरीची किल्ली हेलसिंकीत! इथली वस्ती म्हातारी होत चालली आहे. मिक्केली आणि सावोन्लिन्ना या दोन शहरांत रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरचं अंतर. काटकसरीची वेळ आली की दोन्हीकडच्या इस्पितळांत काय ठेवायचं, काय हलवायचं, यावर वाद पेटतो. त्या वादात पूमालाच्या बेटावरच्या आजीबाईंचं अंतर कुणी नकाशावर बोटाने मोजू नये, एवढंच मला वाटतं. हिवाळ्यात तिथे दुपारीच अंधार पडतो.