मनूचे वंशज

श्रावणीच्या संकल्पांत वैवस्वत मन्वंतराचा उच्चार होतांच नातवानें विचारलें, “आजोबा, आपण मनूचे कीं माकडांचे?” घर हंसलें, मी मात्र वरमलों. शाळेंत असतांना हा धडा मी भरभर उरकीत असें.

अडखळणारा मी एकटाच नव्हे. २०१८ सालीं औरंगाबादेस केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीं डार्विनचें मत चूक ठरविलें. त्यास शास्त्राधार नाहीं, असें तीन विज्ञान-अकादमींनीं जाहीर केलें. मंत्री तर रसायनशास्त्राचे पदवीधर! पदवीहून घरचा संस्कार खोल जातो, हें मी स्वतःवरून जाणतों.

वाचकहो, नातवास मी एवढेंच सांगितलें, “बाळ, माकडें आपले पूर्वज नव्हेत, भाऊबंद आहेत; उभयतांचा मूळपुरुष एकच, सुमारें २.५ ते ३ कोटि वर्षांपूर्वींचा. मनूचें स्मरण कृतज्ञतेसाठीं करावें. वंशावळ मात्र जीवाश्मांस विचारावी.”

मग संकल्प पुरा केला.