ठाण्याचे दार उघडे आहे, आत माणूस कुठे आहे?

बांधवांनो, पोलीस ठाणे चोवीस तास उघडे असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दार उघडे असणे वेगळे आणि आत तक्रार लिहून घेणारा माणूस असणे वेगळे. विहिरीवरची मोटार रात्री चोरीला गेली आणि ठाण्यात "साहेब बंदोबस्ताला गेलेत, सकाळी या" असे उत्तर मिळाले, तर त्या उघड्या दाराचा उपयोग काय?

आपले राजेश्वर पुणे-हैदराबाद महामार्गावर आहे. एका बाजूला उमरगा, दुसऱ्या बाजूला जहीराबाद. १९५६ साली जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. त्या सीमा पोलिसांना अडवतात, चोरांना नाही. १६ जानेवारी २०२५ रोजी खुद्द बीदर शहरात दिवसाढवळ्या गोळीबार करून बँकेची रोकड लुटली गेली आणि लुटारू थेट हैदराबादेत पोहोचले. जिल्ह्याच्या ठिकाणी ही गत, तर खेड्यातल्या रात्रीचे काय?

माणसे का कमी पडतात, याचे एक कारण आपल्या शेजारीच घडले. राज्यात ५४५ फौजदारांची भरती निघाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये परीक्षा झाली आणि कलबुर्गीच्या एका केंद्रावरचा गैरप्रकार उघडकीस आला. एप्रिल २०२२ मध्ये परीक्षा रद्द झाली. फेरपरीक्षा झाली ती जानेवारी २०२४ मध्ये! पैसे खाणाऱ्यांनी खाल्ले. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलांची वर्षे गेली, आणि गावांना मिळायचे फौजदार तेवढा काळ मिळालेच नाहीत.

म्हणून आपली मागणी साधी आहे. रिकाम्या जागा वेळेवर भरा. प्रत्येक ठाण्यात रात्री तक्रार नोंदवू शकणारा एक अंमलदार आणि एक महिला कर्मचारी ठेवा. आपल्या तरुण-तरुणींनीही कलम ३७१ (जे) च्या आरक्षणाचा लाभ घेऊन पोलीस भरतीत उतरावे. त्यासाठी कन्नड उत्तम शिकावे. दोन्ही भाषा जाणणारा पोलीस सीमाभागाला हवाच आहे.

तोवर आपले हक्क तरी माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगता येत नाही. नोंदीची प्रत फुकट मिळते. नोंद नाकारली तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३५० ने दिला आहे. मराठीत लिहिला म्हणून अर्ज परत करता येत नाही.

पुढच्या ग्रामसभेत या मागणीचा ठराव घ्या आणि त्याची प्रत आमदारांना द्या. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांनी रात्रीच्या पोलिसाचाही हिशेब द्यावा.